नवऱ्याने नेसलेला शालू

माझा लग्नाचा शालू यंदापर्यंत मी एकदाच नेसले होते, लग्नात. त्यानंतर तो नेसला माझ्या नवऱ्याने, आणि तोही तेवीस वर्षं. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतात. हसा की. मीही हसतेच. पण यंदा माघात मला ह्याच शालूवरून भयंकर राग आला होता, तो कशाचा ते सांगते.

आमचे हे, भिकाजी, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. सकाळी सातला चहात पाव बुडवून खातात आणि सायकल काढतात. जत्रांच्या दिवसांत मात्र हेच गृहस्थ रात्री दशावतारात राणी होतात. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत राणी म्हटलं की भिकाजीचं नाव निघायचं. गोल चेहरा, बेताची उंची, मिशी कधी ठेवलीच नाही. लग्न ठरताना ही भानगड कळली तेव्हा कारापूरचे माझे बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी मात्र फोटो बघून हो म्हटलं. फोटो शर्ट-पॅंटमधला होता, हेही सांगून ठेवते.

शालू माझ्या आईच्या हट्टाचा. तेव्हा आमच्याकडच्या मुली लग्नात सर्रास सहावारी नेसायच्या, पण आईला नऊवारीच हवा होता. डाळिंबी रंग, हिरवे काठ, पदरभर जरीच्या कुयऱ्या. मावशीने नेसवला आणि मी दिवसभर पुतळ्यासारखी बसून राहिले. लग्नानंतर शालूचं काय करायचं, हा प्रश्नच मला पडला नव्हता. सणावारी नेसेन, असं धरून चालले होते. डांबराच्या गोळ्या घालून तो कपाटात ठेवला.

तिसऱ्या वर्षी घोळ झाला. चोपड्याचा पूल तेव्हा नव्हता. शिवोलीहून नाटक करून परतताना, फेरीबोटीत चढवताना ह्यांच्या हातून ट्रंक निसटली ती थेट खाडीत. साड्या, गंगावन, दागिने, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी मांद्र्याला नाटक होतं. हे ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. मला ते बघवेना. मी कपाट उघडलं आणि शालू त्यांच्या मांडीवर ठेवला.

"एका रातीचो प्रश्न," हे म्हणाले.

सासूबाई तडकल्या. "सवाशणीचो शालू दादल्यान न्हेसूचो?" पण लेकाचा चेहरा बघून त्याही गप्प झाल्या.

मांद्र्याच्या त्या नाटकाने ह्यांचं नाव झालं. वनवासातल्या राणीने शालूचा पदर डोक्यावर ओढून हंबरडा फोडला आणि समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ह्यांना वाटलं, गुण शालूचा. पुढे नवी ट्रंक आली, नव्या साड्या आल्या, पण मोठं काम असलं की शालूच. सकाळी तो घरी आला की मी झटकून सावलीत वाळत घालायची. काठाला माती, पदराला तोंडाचा रंग. दोनदा काठ उसवला, मीच टाके घातले. एकदा शेजारच्या जानकीने विचारलं, "तुजो शालू तुका तरी न्हेसूक मेळता मगो?" मी हसण्यावारी नेलं, पण ते मनाला लागलं. मला नेसायचा होता. नणंदेच्या लग्नात नेसायचा होता, देवीची ओटी भरायला जाताना नेसायचा होता. दर वेळी तो कुठल्या ना कुठल्या जत्रेत असायचा.

यंदा ह्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. राणीला नाटकात दहा वेळा जमिनीवर कोसळावं लागतं. पंचावन्नाव्या वर्षी कोसळणं जमतं, उठणं जमत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. राणीचं काम गौरेशकडे गेलं. हा मोरजीचा, हॉटेलात नोकरीला, गळ्याने गोड. एका रविवारी मी बांगडे साफ करत होते तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"काकी, शालू व्हरूक आयलंय. काकांनी माका दिलो."

मी हातातली सुरी खाली ठेवली. त्या बिचाऱ्याचा काय दोष! "फुडल्या आयतवारी आमच्या गावची जत्रा आसा," मी म्हटलं, "त्या सांजेक ये."

तो गेला. हे ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"शालू कोणाचो?" मी विचारलं.

"म्हणजे? नाटक कंपनीत सगळे ताका राणीचो शालू म्हणतत."

मला रडूच आलं. नेसायला मिळाला नाही ह्याचं दुःख होतंच, पण माझी वस्तू दुसऱ्याला देताना, मी ह्याच घरात असताना, मला एका शब्दाने विचारलं नाही, ह्याचं जास्त होतं. मी तसंच बोलले. "इतकी वर्सां तुमी मागूक ना आनी मी ना म्हणूक ना. आता दुसऱ्याक दितानाय माका इचारूचा दिसला ना?" पुढचे सहा दिवस घरात भात आणि माशांचं हुमण वेळेवर झालं, बोलणं मात्र कामापुरतंच.

जत्रेच्या सकाळी मी न्हाऊन शालू बाहेर काढला. गौरेश संध्याकाळी येणार, त्याआधी एकदा तरी हा नेसून देवीची ओटी भरायची, हे मी पक्कं केलं होतं. पण नऊवारी नेसणं म्हणजे काय खायचं काम आहे? लग्नात मी नुसती हात पसरून उभी होते. निऱ्या बोटांतून सुटत होत्या, काष्टा मागे पोचत नव्हता. तिसऱ्यांदा सगळं सुटलं तेव्हा मी पलंगावर बसकण मारली.

दार लोटून हे आत आले. शालूचं टोक हातात घेतलं, मला उभं केलं आणि कमरेला गाठ मारली. मग निऱ्या घालायला लागले. शालूकडे बघतही नव्हते, बोटांनाच ते पाठ होतं. काष्ट्यासाठी खाली बसायला हवं होतं. त्या गुडघ्यांवर, ओठ आवळून, ते बसले.

"आता उठतल्यात कशे?" मी विचारलं.

"मागीर बघूया."

काष्टा खोचून झाल्यावर मी दोन्ही हात धरून त्यांना उठवलं. पदर खांद्यावर नीट बसवताना ते म्हणाले, "ह्यो शालू माज्यापेक्षा तुका बरो दिसता. विनिता, माका इचारूक जाय आसलां. चुकलां माजां." आवाज राणीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, थोडा घोगरा. माझा राग तिथेच सरला. मी ओटीचं ताट घेतलं आणि भर उन्हात, अख्ख्या गावासमोर, देवळात गेले.

संध्याकाळी गौरेश आला तेव्हा मी शालू बदलला नव्हता, आणि बदलायचा विचारही नव्हता. तो अंगणातच थबकला. माझ्याकडे बघितलं, मग सवयीने ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "काका, शालू…"

"माज्याकडे कित्या बघतंस?" हे खुर्चीतूनच म्हणाले. "तिका इचार."

गौरेशने मला विचारलं.

"आज ना," मी म्हटलं. "आज मी न्हेसलंय. फुडल्या जत्रेक माज्याकडे मागूक ये."