भाऊ मिस्त्रींचं नाक

भाऊ मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी नाक पुढे करायचे. "क्लच जळालाय," "तेल गळतंय," निदान उभ्या उभ्या व्हायचं. आम्ही ड्रायव्हर मंडळी त्यांची टिंगल करायचो, पण गाडी न्यायचो ती त्यांच्याच वलवणच्या शेडमध्ये.

शेडला लागूनच मावशींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, चिक्कीची भट्टी. भाऊ गाडीखाली आडवे असले तरी पाकाच्या वासावरून ओरडायचे, "उतरव, झाला!" मावशी म्हणायच्या, "मला काय डोळं न्हाईत?" आणि कढई उतरवायच्या.

गेल्या वर्षी मी साहेबांची महागडी एसयूव्ही घेऊन गेलो. इंजिन गार ठेवणारं कूलंट सारखं कमी होत होतं आणि गळती कुठे दिसत नव्हती. भाऊंनी चिक्कीचे खोके उलगडून इंजिनखाली पसरले, कूलंटच्या टाकीत पंपाने दाब भरला. तासाभराने पाहिलं तर पुठ्ठे कोरडे ठणठणीत.

"म्हंजी आत गळतंय. डॅशबोर्डमागं हीटरची जाळी असती, तितं."

तिथवर पोचायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार. तो उगाच उतरवला असता तर साहेबांनी आम्हा दोघांनाही सोडलं नसतं.

"कूलंटचा वास गोड असतो ना? घ्या की मग," मी म्हणालो.

भाऊ आत बसले. हीटर लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग खाली उतरले आणि त्यांनी मावशींना बोलावलं. "जरा आत बसून बघ, कसला वास येतोय."

मावशी पदराला हात पुसत बसल्या. "गोड येतोय. पण गुळाचा न्हाई, औषधावानी." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाला न्हाई आला?"

"दोन वर्सांमागं ताप आला, तवापासनं कसलाच येत न्हाई," भाऊ हातातल्या पान्याकडे बघत म्हणाले. "गिऱ्हाइकाला कळलं तर हितं कोण येईल?"

"मी काय गिऱ्हाईक हाय? दोन वर्सं पाक उतरवायला हाक मारली न्हाई तुमी. मला वाटलं, माज्यावर रागावलाय." मला कुठे बघावं कळेना.

डॅशबोर्ड उतरवला. जाळीच्या कडेने हिरवं पाणी पाझरत होतं. भाऊंनी नवी जाळी बसवली आणि कूलंट पुन्हा कधी कमी झालं नाही.

परवा सहज डोकावलो. भाऊ एका टेम्पोखाली होते. भट्टीवरून मावशींची हाक आली, "वास सुटलाय बगा! चांगला खमंग!"

टेम्पोखालचा पाना थांबला.

"मग उतरव," भाऊ ओरडले, "झाला!"