कोपराची शिक्षा

चौकातल्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. ती शिट्टीबाई. वाहतूक पोलिसांत लागल्यापासून त्याच चौकात, त्याच फाटक्या छत्रीखाली उभी. फुंकर अशी, की पलीकडच्या गल्लीतला माणूससुद्धा उगाच ब्रेक दाबायचा. घरी नवरा इस्त्रीचं दुकान चालवायचा. तो म्हणायचा, "लग्नाआधी मला कानाचा त्रास नव्हता." ही म्हणायची, "आणि मला डोक्याचा नव्हता." असा त्यांचा सुखाचा संसार. एक मुलगी, शाळेत जाणारी, केस कमरेपर्यंत.

तर ही बाई त्या सोमवारी सकाळपासून नुसती भिरभिरत होती. पाय जमिनीवर ठरेनात. पट्टा दोनदा उलटा लावला, मुलीचा डबा स्वतःच्या पिशवीत कोंबला, आणि बूट शोधत घरभर फिरली तेव्हा एक बूट पायातच होता. नवरा मुलीची वेणी घालत बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "कोर्टात जायचंय. युद्धावर नाही." ती म्हणाली, "तुम्हाला काय जातंय बोलायला." तेही खरंच होतं. त्या दिवशी कोर्टात टेम्पोवाल्याच्या शिक्षेचा नव्याने विचार व्हायचा होता, आणि न्यायाधीश मॅडमनी हिला बोलायला बोलावलं होतं.

हा टेम्पोवाला कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला झालंय तरी काय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणा मोठ्या माणसाचा ताफा जायचा होता म्हणून हिने बॅरिकेड आडवं लावून चौक बंद केला. वरून हुकूमच होता, पाखरूसुद्धा सोडायचं नाही. गाड्यांची रांग लागली, आणि रांगेत सगळ्यात पुढे होता गाद्या पोचवणाऱ्याचा टेम्पो. मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्याकोऱ्या गाद्या, आणि त्यांतल्या एका गादीवर त्याची बायको. पोटुशी. दिवस भरलेली. कळा सुरू झालेल्या.

तो उतरून आला, म्हणाला, "बाई, सोडा हो, दवाखाना समोर दिसतोय." हिने टेम्पोत डोकावून पाहिलं. पण हुकूम तो हुकूम. म्हणाली, "आलाच ताफा, दोन मिनिटं थांब." ताफा काही येईना. तो पुन्हा आला, हातापाया पडला. हिने वायरलेसवर विचारलं, उत्तर आलं, कुणालाही सोडू नका. तिसऱ्यांदा तो बोलायला आलाच नाही. सरळ बॅरिकेडला भिडला. हिने दुसरं टोक धरून ठेवलं. त्याने हिसका दिला, ही सोडेना. मग त्याने दोन्ही हातांनी हिला ढकललं, असं ढकललं की बाई दुभाजकावर उजव्या कोपरावर आदळली. काड्कन आवाज झाला. तो तिच्या आधी त्यालाच ऐकू आला असावा, कारण तो जागच्या जागी थिजला. चार शिपायांनी धावत येऊन त्याला खाली पाडला. आणि तो तसा पालथा पडलेला असताना टेम्पोत पोर जन्मलं. त्या प्लास्टिकच्या गादीवर. रांगेतल्या एका रिक्षावाल्याच्या आईने तिला सोडवलं. ताफा आलाच नाही, दुसऱ्याच रस्त्याने गेला होता.

आता तुम्हाला वाटेल, बाईला लगेच दया आली. कुठली दया. दवाखान्यात पडल्यापडल्या ती त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती, तीही डाव्या हाताची, उजव्याची मोडायची सोय राहिली नव्हती. कायद्यात पोलिसावर हात उचलला तर कमीत कमी पाच वर्षं होती. ही नवऱ्याला म्हणाली, "पाच? दहा द्या म्हणावं." नवऱ्याने तिची रक्ताने माखलेली वर्दी घरी नेली, धुतली, कडक इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी हँगरला लावून ठेवली. ती बिचारी घालायला तयार. घालणारीच पलंगावर.

यांच्या चौकीचा एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. आपल्यातल्या कुणावर हात पडला, की खटल्याच्या दिवशी सगळ्या चौकीने वर्दीत कोर्टात जायचं, सरकारी वकिलामागची बाकं भरून काढायची, आणि मार खाल्लेला माणूस आत आला की सगळ्यांनी एकदम उठून उभं राहायचं. ही स्वतः अशी कितीदा उभी राहिली होती. स्वतःच्या खटल्यात गळ्यात हात अडकवून आत शिरली आणि अख्खी चौकी खाडकन उठली, तेव्हा हिला आकाश ठेंगणं झालं.

सरकारी वकील तासभर बोलला. वर्दीवर हल्ला, कायद्यावर हल्ला, राज्यावर हल्ला. हिच्या कोपराचं नाव एकदाच आलं, तेही डॉक्टरच्या तोंडून. मग मॅडम म्हणाल्या, "बाळंतिणीची हकिकत मी ऐकली. पण माझ्या मताला इथे जागा नाही. कायद्याने किमान पाच वर्षं ठरवून दिलीत, त्याखाली मला एक दिवसही उतरता येत नाही." आणि दिली पाच वर्षं. टेम्पोवाल्याची बायको कडेवरचं पोर घेऊन मटकन खाली बसली.

इथपर्यंतही बाई खूश होती बरं का. माशी शिंकली ती पुढच्या खटल्यात. त्याच दिवशी, त्याच खोलीत हवालदारदादांच्या खटल्याचा निकाल होता. दादा म्हणजे चौकीतला सगळ्यात जुना माणूस. एका गुंडाने दबा धरून, मागून लोखंडी कांब त्यांच्या डोक्यात घातली होती. जीव वाचला, एक कान गेला. त्या गुंडाला किती? पाच. किमान तेवढी द्यायची, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तोच भाव होऊन बसला होता. दादा ज्या कानाने ऐकू येत होतं तो पुढे करून म्हणाले, "किती म्हणाले?" ही म्हणाली, "पाच." दादांनी टोपी डोक्यावर चढवली आणि निघाले. हिच्या मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. दबा धरून कांब घालणारा आणि बायकोच्या कळा बघून पिसाटलेला, दोघांना एकच माप? मग मॅडम तिथे बसतात कशाला? मापच लावायचं तर माझा नवरासुद्धा लावेल, तो रोज कपडे मोजतोच.

पुढे तो कायदा बदलायचा की नाही, हे विचारायला एक समिती चौकीत आली. सगळे म्हणाले, किमान शिक्षा राहू द्या. त्यांचंही चुकत नव्हतं. रोज उठून शिव्या आणि धक्के खाणारी माणसं ती. मोठे साहेब म्हणाले, "आज किमान काढलं तर उद्या कुणीही यायचं आणि थोबाडीत मारून जायचं." तेवढ्यात मागून एक हात वर आला. डावा. शिट्टीबाई उठली आणि म्हणाली, "मारेल त्याला शिक्षा हवीच साहेब. पण किती, ते समोर बसून सगळं ऐकणाऱ्याने ठरवावं. आधीच ठरवून ठेवलं तर ऐकायचं कशाला?"

झालं. त्या दिवसापासून चौकीत तिच्याशी बोलणं बंद. चहाचा ट्रे यायचा, सगळ्यांसमोरून फिरायचा आणि हिच्यापाशी येईपर्यंत नेमका रिकामा व्हायचा. दादासुद्धा तोंड फिरवून बसायचे. हिला लागलं, फार लागलं. घरी येऊन रडलीसुद्धा. पण सकाळी पुन्हा छत्रीखाली.

आणि मग तो कायदा बदलला. काठावरच्या मतांनी, पण बदलला. किमान शिक्षा गेली, जुन्या खटल्यांतली शिक्षा पुन्हा बघायची मुभा मिळाली, आणि मार खाल्लेल्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असंही ठरलं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा ही चौकात होती. आनंदाच्या भरात अशी काही शिट्टी फुंकली की चारी बाजूंची वाहतूक ठप्प. सगळे हिच्याकडे बघताहेत, आणि ही बया मधोमध उभी राहून हसतेय. शेवटी एक बसवाला खिडकीतून म्हणाला, "बाई, जाऊ का राहू?"

तर असा तो सोमवार उजाडला होता. नवऱ्याने दुकान बंद ठेवलं होतं. कोर्टाच्या जिन्यात टेम्पोवाल्याची बायको उभी होती. पोर आता चालायला लागलं होतं, कठड्याच्या गजांतून डोकं घालायचा प्रयत्न करत होतं. तिने शिट्टीबाईचा डावा हात घट्ट धरला. "ताई, आज तुम्ही सांगा ना, सोडून द्या म्हणून. तुमचं ऐकतील. त्याला सोबत घेऊनच घरी जाते." हिने काहीच कबूल केलं नाही. सोडून द्या म्हणायचं की नाही, हे हिचं अजून ठरलंच नव्हतं.

दार ढकललं आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी वकिलामागची सगळी बाकं भरलेली. अख्खी चौकी, वर्दीत. मोठे साहेब मधोमध. चौकी आज आपल्यासाठी नाही, आपल्याविरुद्ध आलीय, हे हिला लख्ख कळलं. ही दारातच खिळली. मागे नवरा, पुढे ती खाकी भिंत. कुणी हललं नाही.

मग कडेच्या बाकावर खुर्रकन आवाज झाला. हवालदारदादा गुडघ्यावर हात टेकून उठले. हिच्याकडे न बघता, समोर बघत, ताठ उभे राहिले. त्यांच्या शेजारचा उठला. मग त्याच्या मागचा. एकेक करत सगळी बाकं उठली, आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने का होईना, मोठे साहेब. मत काहीही असो, हाड आपल्या माणसाचं मोडलं होतं. शिट्टीबाईचे डोळे भरून आले, आणि रडू लपवायला म्हणून ती भराभर चालत पुढे गेली.

मॅडम म्हणाल्या, "आता मला मोकळीक आहे. तुमचं म्हणणं काय?"

पिंजऱ्यात टेम्पोवाला, अर्धा वाळलेला, मान खाली. त्याची बायको हिच्या ओठांकडे डोळे लावून बसलेली.

"मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज चौकातल्यासारखा मोठा निघाला म्हणून पुन्हा हळू म्हणाली, "शिक्षा हवी."

टेम्पोवाल्याच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. बाकांवर कुजबुज झाली.

"दोन वर्षं झाली, हा हात खांद्याच्या वर जात नाही. मुलीची वेणी तिचा बाप घालतो. चांगली घालतो, पण ती माझी होती. रात्री या कुशीवर झोपता येत नाही. मला त्याचा राग आहे मॅडम, अजून आहे. मी काही देवमाणूस नाही." तिने श्वास घेतला. "पण मागच्या वेळी इथे सगळे वर्दीबद्दल बोलले. वर्दीला काही झालं नव्हतं. माझ्या नवऱ्याने धुतली, इस्त्री केली, दुसऱ्या दिवशी ती तयार होती. मोडलं ते माझं कोपर. तर त्याला कोपराची शिक्षा द्या. ज्या घडीला मोडलं त्या घडीला टेम्पोत काय चाललं होतं, तेही मोजा. आणि मी त्याला तीनदा अडवलं, तेही मोजा. मग जे काय बसेल ते बसेल."

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी निकाल दिला. अडीच वर्षं. दोन तर झालीच होती. पोराचा तिसरा वाढदिवस बापाच्या मांडीवर होणार होता. टेम्पोवाल्याची बायको आधी बोटांवर मोजत राहिली, मोजता मोजता हसायला लागली, आणि मग हुंदके देत रडली. आज सोबत नेता येणार नव्हता, तरी.

शिपाई टेम्पोवाल्याला घेऊन निघाले. हिच्यासमोरून जाताना तो थांबला. शिपायांनीही ओढलं नाही. दोन वर्षांत तो हिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. त्याने पहिल्यांदा वर बघितलं, तोंडाकडे नाही, कोपराकडे.

"बाई," तो म्हणाला, "दुखतं का अजून?"

हिने कोपरावर डावा हात ठेवला. "दुखतं. थंडीत जास्त."

त्याने मान हलवली, डोळे पुसायला हात उचलला तर बेडी आडवी आली. मग तो तसाच पुढे गेला.

बाहेर जिन्यात चौकीवाल्यांचा चहा आला होता. दादांनी एक कप उचलून हिच्या डाव्या हातात दिला. नवरा म्हणाला, "काय म्हणत होता तो?"

"कोपराची चौकशी केली."

"दोन वर्षांनी?"

"हो," ती म्हणाली. "पण पाचच्या पाच भोगून आला असता ना, तर कधीच विचारलं नसतं. म्हणाला असता, फिटलं."

आणि चहा इतका गरम होता, तरी तिने तो एका दमात संपवला.