न बोललेलं वाक्य

व्हर्लीन गुडलो एकतीस वर्षं अमेरिकेच्या संसदेत लघुलेखिका होती. समित्यांपुढे येणाऱ्या साक्षी शब्द न् शब्द टिपून घ्यायच्या, हे तिचं काम. मंत्री अडखळला तर अडखळल्यासारखाच कागदावर उतरायचा. निवृत्तीनंतर प्राध्यापक रॉजर एकलुंडने तिला आपल्या उन्हाळी वर्गात ओढलं. देशभरातली अठरा-एकोणीस वर्षांची चोवीस मुलं सहा आठवडे वॉशिंग्टनला येत. सरकार कसं चालतं, धोरण कसं ठरतं ते शिकत. रॉजर राज्यघटना शिकवी, व्हर्लीन सरकारी कागद वाचायला शिकवी. सतरा उन्हाळे दोघांनी असे काढले.

तिसरा शुक्रवार मात्र तिचा एकटीचा. मुलांना बसमध्ये घालून ती नदीपलीकडच्या आपल्या वस्तीत न्यायची. तिथल्या चर्चच्या तळघरात शेजारीपाजारी बोलायला बसत. डीकन पर्नेल, चर्चचे जुने कारभारी, दरवर्षी एकच गोष्ट सांगत, "मी या देशासाठी लढाईवर गेलो, कर भरतो. पण आमचं वॉशिंग्टन कुठल्याच राज्यात नाही, म्हणून आमचा प्रतिनिधी संसदेत नुसता बसतो, कायद्यावर शेवटचं मत पडतं तेव्हा त्याचा हात मोजत नाहीत." मग ते स्वतः तळलेले मासे वाढत. घरी परतलेल्या मुलांची पत्रं यायची, ती त्या तळघराबद्दलच.

यंदाच्या वेळापत्रकात तिसऱ्या शुक्रवारी एका वकिली कंपनीची भेट छापलेली होती. व्हर्लीनला वाटलं, छपाईची चूक असेल.

"चूक नाही गं," रॉजर मान खाली घालून म्हणाला. "वरून आलंय. मी खूप भांडलो. एकट्याचं काय चालणार?"

त्याचा पडलेला चेहरा बघून तीच त्याची समजूत घालत बसली. रविवारी चर्चमध्ये तिने डीकनना सांगितलं, "वरच्यांनी बंद केलं." डीकननी नुसती मान हलवली.

पाचव्या आठवड्यात तिने मुलांना नेहमीचा अभ्यास दिला. कुठल्याही संस्थेच्या बैठकीचं इतिवृत्त मिळवायचं आणि ठराव कुणी मांडला, विरोध कुणी केला ते शोधायचं. टॅम्सिन ओडेगार्ड ही नेब्रास्काची मुलगी जरा आळशी. लांब कशाला जा, म्हणून तिने या वर्गाच्याच सल्लागार मंडळाचे कागद कार्यालयातून मागून आणले आणि वर्गात मोठ्याने वाचायला लागली.

"विषय चौथा. शुक्रवारची वस्तीभेट एकांगी वाटते, पालक कुरकुर करतात, सबब बंद करावी. ठराव मांडणारे, प्राध्यापक एकलुंड. विरोध, कुणाचाही नाही. एका सदस्याने विचारलं, श्रीमती गुडलो यांना कल्पना आहे का? प्राध्यापक एकलुंड म्हणाले, त्या आता थकल्या आहेत, त्यांनीच ही भेट..."

टॅम्सिन थांबली. "मॅडम, पुढचं वाचू?"

"वाच. अर्धवट इतिवृत्त काही कामाचं नसतं."

"...त्यांनीच ही भेट बंद करण्याची विनंती केली आहे."

व्हर्लीनने तास पुरा केला. मग जिना चढून ती रॉजरच्या खोलीत गेली आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

त्याने तो वाचला नाही. "व्हर्लीन, समजून घे. दोन देणगीदार पाय मागे घेत होते. तो शुक्रवार सोडला नसता तर सगळा वर्गच गेला असता. तुझं कामही."

"ते मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते. कदाचित ऐकलंही असतं. पण माझ्या तोंडी वाक्य कशाला घातलंस?"

"एक ओळ आहे गं. असले कागद वाचतं कोण?"

"मी मुलांना तेच तर वाचायला शिकवते, रॉजर. इथेच, तुझ्याच वर्गात."

सतरा वर्षांत तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला खांदा देणारा, तिच्या घरी जेवणारा हा माणूस. एकतीस वर्षांत तिने कुणाच्या तोंडी एक अक्षर घातलं नव्हतं.

तिने मंडळाला पत्र लिहिलं: मी असं कधीही म्हटलेलं नाही, नोंद दुरुस्त करावी. सप्टेंबरात उत्तर आलं. ते वाक्य वगळलं होतं. शुक्रवार परत आला नव्हता. रॉजरचा फोन आला नाही, आणि तीही पुन्हा त्या इमारतीची पायरी चढली नाही.

दुरुस्तीचा कागद घेऊन ती डीकन पर्नेलकडे गेली. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे तू नव्हतीस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मासे किती आणायचे ते विचारायला जूनमध्ये तुमच्या कार्यालयात फोन केला होता. तिथली मुलगी म्हणाली, मिसेस गुडलोंनीच बंद करायला सांगितलंय. नंतर तू येऊन म्हणालीस, वरच्यांनी केलं."

"आणि तुम्ही मला विचारलं नाहीत?"

"काय विचारणार, बाई? आम्हाला वाटलं, तुला आता आमची लाज वाटायला लागली."

व्हर्लीन खुर्चीवर बसली. गेले तीन महिने दर रविवारी ही माणसं तिच्याशी हसून बोलली होती, तिला शेजारी जागा दिली होती.

"सगळ्यांनाच वाटलं?" तिने विचारलं.

डीकननी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेले.