मेन पाडला तरी वाजली ती काळी पेटी

आमच्या घरातले देव आणि भुतं दोघंही छप्पन साली, आम्ही धम्मदीक्षा घेतली तेव्हा, एकाच टोपल्यातून मोर्णा नदीत गेले. टोपलं बाबांनी स्वतः उचललं होतं. त्यामुळे मी असलं काही मानणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. कोणाच्या अंगात आलं की मी आजही त्याला आधी तांब्याभर पाणी पाजते... बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण पातूरला जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि त्याला काय म्हणायचं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

मी शांता, आणि माझा मोठा भाऊ नामदेव. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर. साठच्या दशकात अकोला-अमरावतीकडे आमची जोडी चांगलीच गाजत होती, आणि हे सांगायला मला अजिबात लाज नाही. दादा दिवसा कापसाच्या जिनात कामाला, संध्याकाळी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. भंगारातल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह आणि एका मोडक्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या जमवून त्याने विजेवर चालणारी पेटी बनवली. वर काळा रंग फासला, कारण दुकानात तेवढाच उरला होता. पेटी लावली की आधी व्हॉल्व्ह तापायचे, मग आतून खोल, जड असा घुमारा निघायचा. दादा म्हणायचा, हा आपल्या जिनाचा आवाज आहे. मी त्यावर गायचे. मायच्या जात्यावरच्या ओव्या, गल्लीतल्या उरुसाची कव्वाली, बाबांचा जलसा... सगळं त्यात मिसळलेलं, पण चाल संथ आणि काळीकुट्ट. लोक म्हणत, ह्या पोरांची गाणी ऐकली की घास उतरत नाही. म्हणायचे, आणि पुढच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

फक्त बाबा खूश नव्हते. बाबा म्हणजे शाहीर सोनाजी, साऱ्या वऱ्हाडात जलसे केलेला माणूस. आमच्याकडे रीत अशी, की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं. ज्याचं नाव, त्याची पार्टी. दादाला शेवटी बाबांचंच नाव घालायचं होतं. बाबा म्हणाले, डबडं वाजते त्या गाण्यात माहं नाव येणार नाही. म्हणून आमचं प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्याशिवाय संपायचं. ऐकणाऱ्यांना ते कळायचं, आणि दादाची मान खाली जायची.

अशातच एका साली पातूरला बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून लाइन ओढली होती... त्याच लाइनीवर मांडवातले दिवे, त्याच लाइनीवर आमची पेटी. तिथली पद्धत अशी, की वंदना आणि पहिलं गाणं फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात व्हायचं. तेव्हा कोणीतरी गिरणीत जाऊन मेन, म्हणजे मुख्य खटका, पाडायचा. त्या दिवशी बाबा उठून गेले. मेन पाडला तर पेटीही बंद पडेल, हे त्या गडबडीत ना दादाच्या डोक्यात आलं, ना माझ्या!

दिवे गेले. वंदना झाली. दादाने पट्ट्यांवर बोटं ठेवली, घुमारा निघाला आणि मी गायला लागले. दुसऱ्या कडव्यात माझं लक्ष पेटीवरच्या लाल बल्बकडे गेलं. तो विझलेला होता. मी दादाला डोळ्यांनी खुणावलं, पण त्याचे डोळे मिटलेले. आणि आवाज तर असा भरून येत होता, की तसा कधी आलाच नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, तरी मी गात राहिले. थांबायची हिंमतच झाली नाही.

गाणं संपलं, दिवे आले. दादाने सहज पट्टी दाबली, तर पेटी मुकी! व्हॉल्व्ह तापायला लागतो तेवढा वेळ गेला, तेव्हा कुठे ती बोलली. म्हणजे आतून ती पार थंड पडलेली होती.

बाबा गिरणीतून आले ते थेट दादासमोर उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"मेन म्या पाडला," ते म्हणाले. "वंदनेसाठी तं पाडलाच. पण मले वाटलं, डबडं बंद पडलं का पोरगी मोकळ्या गळ्यानं गाईन. खटक्यावरचा हात म्या काढला नाई, नामदेव. गाणं संपेपर्यंत काढला नाई."

 मग बाबा म्हणाले, "पुढच्या गाण्यात माहं नाव घाल."

माझा एक भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, मावशी, आत थोडी वीज साठून राहते. राहत असेल ना बाप्पा... क्षणभर राहील. अख्खं गाणं राहते काय? कोणी दुसरीकडून वायर टाकली असेल म्हणावं, तर दादाने सगळं उलगडून पाहिलं होतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधायची इच्छाही नाही.

त्यानंतरचा कार्यक्रम अमरावतीला, राजापेठेत झाला. शेवटच्या कडव्यात मी पहिल्यांदा 'सोनाजी' म्हटलं. पुढे बाबा होते तोवर आमच्या प्रत्येक कार्यक्रमात तेच आधी उभे राहायचे. एवढा बोलका शाहीर, पण बोलायचे एकच वाक्य — "हे माहे लेकरं हायेत" — आणि खाली येऊन पहिल्या रांगेत बसायचे.