पाळी गेल्यावरचा डाग, आणि मी बाजूला बसले नाही

‘बाई, ही पाळी नव्हे,’ चंद्रपूरच्या डॉक्टरबाई रिपोर्ट वाचून म्हणाल्या. ‘याला एन्डोमेट्रियल हायपरप्लेझिया विथ एटिपिया म्हणतात.’

मी म्हटलं, ‘मॅडम, माणसाच्या भाषेत सांगा.’

त्यांनी नीट सांगितलं. गर्भाशयाला आतून अस्तर असतं. माझं अस्तर वाढून जाड झालं होतं आणि त्यातल्या पेशींचं रूप बिघडू लागलं होतं. कॅन्सर दिसत नव्हता, पण वाट त्याच गावाची होती. या वयात गर्भाशय काढणंच बरं, असं त्यांचं म्हणणं. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी पाणी मागितलं. मला मात्र राग आला. आजाराचा नाही, वाया गेलेल्या महिन्यांचा.

झालं असं. माझी पाळी पन्नाशीला थांबली. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात धानाच्या रोवणीआधी मातामायला, म्हणजे गावदेवीला, नैवेद्य असतो, आणि तो रांधायचा मान पाळी गेलेल्या बायांचा. आमच्या घरात तो सासूबाईंचा. त्यांनी मला हाताखाली घेतलं होतं, आणि मलाही मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चार वर्षं सुरळीत गेली. मग एकदा नैवेद्याच्या आदल्या दिवशी कपड्यावर डाग दिसला. गुलाबीसा, नखाएवढा. दुखणं नाही, खुपणं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘पाळी परतली तुही. बाजूले बस, पाच दिवस कशालेच हात लावू नोको.’

बसले. रोवणीच्या बायांना तर विषयच मिळाला. ‘बाई तं पुन्हा तरणी झाली!’ मीही हसले. कुणी म्हणालं, चिखलात वाकून उष्णता झाली, धने-जिऱ्याचं पाणी पी. तेही प्यायले. डाग थांबला.

आमच्याकडे बाईच्या अंगावरून रक्त गेलं की प्रश्न एकच: विटाळ आहे की फिटला? ते रक्त आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. पाच दिवस संपले, डोक्यावरून न्हाणं झालं, प्रकरण मिटलं. दिवाळीत पुन्हा डाग आला, पुन्हा बसले.

तिसऱ्या वेळी घरात पुतणीच्या साक्षगंधाची तयारी चालली होती. सासूबाईंनी कोपऱ्यातली चटई दाखवली आणि माझं डोकं फिरलं.

‘बाई, चार वर्षं गेलेली पाळी पाहुण्यासारखी येते-जाते काय? मी नाई बसत. मी दवाखान्यात चालली.’

‘लाज नाई वाटत? काय सांगशीन तिथी?’

‘जे होऊन राह्यलं ते सांगीन.’

हे दारात उभे होते. त्यांना विचारलं, येता की एकटी जाऊ? आले बिचारे.

दवाखान्यात आधी सोनोग्राफी झाली, खालच्या बाजूनं आत यंत्र घालून. अवघडल्यासारखं होतं, पण अस्तराची जाडी त्यातच कळते. जाडी जास्त निघाली म्हणून बायोप्सी, म्हणजे बारीक नळीनं अस्तराचा कण काढून तपासायला पाठवणं. पाळीत येते तशी कळ आली आणि गेली. खरा त्रास रिपोर्टची वाट पाहण्याचा. भर दुपारी तांदूळ पाखडता पाखडता सूप हातात तसंच राहायचं. मी भ्याले होते. भीत भीतच पुढच्या तारखेला हजर झाले.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं इथे लिहिते, कारण ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, लाल, गुलाबी नाहीतर तपकिरी, तरी तो दाखवायचा. दुसऱ्यांदा येण्याची वाट पाहायची नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. आतली त्वचा पातळ, कोरडी झालेली असते, किंवा पॉलिप असतो, म्हणजे मांसाचा लहानसा कोंब. ‘पण तपासल्याशिवाय ते मी सांगू शकत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तर मुळीच नाही.’ रक्त जास्त जाऊ लागलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी निघायचं.

ऑपरेशन झालं. काढलेलं गर्भाशय तपासलं, त्यात कॅन्सर नव्हता. त्या दिवशी मी डॉक्टरबाईंचे हात धरून रडले. गावातली एक भेटायला आली आणि म्हणाली, ‘पिशवी काढली, आता बाईत काय उरलं?’

‘मी उरली ना,’ म्हटलं. चहा देऊन तिला वाटेला लावलं.

मग एका सकाळी सासूबाई माझ्या खाटेशी येऊन बसल्या. ‘तू आता कायमची मोकळी झाली. औंदा नैवेद्य तूच रांध.’

‘तुम्ही हाव ना.’

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘मले बी जाते थोडं थोडं. दोन रोवण्या झाल्या.’

‘काऊन नाई सांगितलं?’

‘सांगतलं असतं तं मले बाजूले बसवलं असतं.’

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मला चटई दाखवणारी ही बाई त्या चटईलाच घाबरून जीव टांगणीला लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी टाके सांभाळत मीच त्यांना एसटीत बसवलं.

डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर खूप बाया होत्या. एकीनं विचारलं, ‘आजी, या वयात इथी काय काम?’

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, ‘रगत जाते माह्या अंगावरून. तुह्यं गेलं तं तूबी येजो. माह्यासारखी लपवून बसू नोको.’