दक्षिणेच्या भिंतीवरचा खिळा

मी चौथी शिकलेला माणूस. अकोटले कापसाच्या जिनिंगमध्ये उमर गेली. भूतखेत, अंगात येणं, उतारा... हे सारं मी रिकाम्या लोकायचे धंदे समजतो. आजही समजतो. तरी हे लिहून राहिलो, कारण तोंडानं सांगितलं की लोक म्हणतात, बुढा एकटा पडला, डोकं फिरलं.

आमी दोघं बुढा-बुढी अमरावतीले भाड्यानं राहत होतो. बडनेरा रोडच्या आतल्या बाजूले, दुसरा माळा, दोन खोल्या. जिंदगीत सात घरं बदलली, सारी भाड्याची. एकाही घरात बुढीनं मले खिळा ठोकू देल्ला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाले सुतळीनं बांधे. म्हणे, "भिंत परक्याची हाय. घेतली तशी वापस द्या लागते."

या घराच्या अॅग्रीमेंटमध्येही तेच होतं — खिळा ठोकला तर घर खाली करा लागन. मी न वाचताच सही केली. तिनं खालच्या माळ्यावरच्या भाडेकरीण वंदनाताईकडून सारं वाचून घेतलं, मंग अंगठा देल्ला.

पोळ्यानंतर बुढी गेली. याच घरात, खिडकीजवळच्या खाटेवर.

तिसऱ्याच दिवशी घरमालक राजाभाऊ आले. "बाबाजी, एकटे काय करता इथं? अकोटले जा." त्यायले खोल्या क्लासच्या पोरायले द्यायच्या होत्या. मले कुठंच जायचं नव्हतं. ते ज्या खाटेवर गेली ते खाट तिथंच राहावी, मी तिच्यावर निजावं, एवढंच होतं. वंदनाताई म्हणे, "मुदत अजून सात महिने हाय. त्याच्या आधी काढाले कारण लागते, लेखी नोटीस लागते. तुमी फक्त कारण देऊ नका."

अन् मी तेच देल्लं.

तेरवी झाली. फोटो फ्रेम करून आणला. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीले लावा लागते, अन् त्या भिंतीले ना खिडकी ना गज. भरदुपारी वरवंट्यानं खिळा ठोकला. चार घाव. प्लास्टर पडलं, बोट जाईन एवढा खड्डा झाला, पण खिळा बसला. फोटो टांगला, हार घातला. भुगा सुपलीत भरला. रडू नाही आलं. हात धुवाले मांगं गेलो.

तेवढ्यात दार वाजलं. राजाभाऊ, हातात मोबाईल. त्यायचं घर मांगंच हाय.

"खिळा ठोकला ना बाबाजी? माह्या घरापर्यंत आवाज आला."

"ठोकला. या, पाहा."

आत आलो. फोटो खाली होता. भिंतीले टेकवून उभा, खाली घडी केलेला पेपर, हार सरळ. भिंत साफ. खिळा नाही, खड्डा नाही, तडासुद्धा नाही. जुना पिवळा रंग जसाच्या तसा.

राजाभाऊनं हात फिरवला. मीही फिरवला.

"कुठं हाय?"

"इथंच ठोकला."

"थट्टा करता काय माही?"

वंदनाताई वर आल्या होत्या. "चार घाव मीही ऐकले. माह्या मांडणीवरचे डबे हालले."

मी सुपली पुढं केली. "मंग हा भुगा कुठचा?"

राजाभाऊनं चिमटीत भुगा घेतला. पिवळा रंग त्याले चिकटेल होता.

वंदनाताई म्हणे, "काढा ना फोटो, राजाभाऊ. कोऱ्या भिंतीचा. जोडा नोटिशीले."

ते मोबाईल खिशात घालून उतरून गेले. नोटीस आली नाही.

नंतर मी गवंडी आणून भिंत दाखवली. तो म्हणे, "बाबा, या भिंतीले कधी खिळा लागलाच नाही." तो खिळा मले आजतागायत सापडला नाही. भीती वाटली काय, असं लोक विचारतात. नाही वाटली. काहीच नाही वाटलं.

सात महिने संपले तवा राजाभाऊ नवीन अॅग्रीमेंट घेऊन आले. खिळ्याची अट त्यायनं स्वतःच्या हातानं खोडली. खाली पाहून म्हणे, "लावा फोटो, बाबाजी."

मी म्हटलं, "राहू द्या."

हे कसं झालं, मले समजत नाही. घरातलं जे मले समजत नसे ते मी तिले विचारत होतो.