टोकावरचे चाचा

दगडाला जीभ लावल्याशिवाय चाचांचं समाधान होत नसे. ड्रिलमधून दगडाची लांब कांडी बाहेर आली की ते ती धुवायचे, चाटून बघायचे आणि म्हणायचे, "कोरडा दगड खोटं बोलतो, साहेब." हसू नका. रंग, भेगा, कुजकेपणा ओल्या दगडातच दिसतो. मी जिऑलॉजीचा पदवीधर, घरातला पहिला; पण हे मला शिकवलं रत्नागिरीकडच्या या सातवी नापास ड्रिलरनं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावर समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टोक होतं. ते सुरुंगानं फोडून त्याच दगडाचा बंदराला बांध घालायचा होता. आमच्या तपासणीत दगड पक्का निघाला तर टोक गेलं. कच्चा निघाला तर कंपनी आतल्या डोंगरात जाणार.

टोकाच्या आडोशाला कोळ्यांच्या बोटी असत. दुपारच्या सुट्टीत चाचा तिथल्या एका म्हाताऱ्या अरब कोळ्याबरोबर काहवा पीत, नाहीतर खडकावरची कालवं फोडत. एका खडकावरची सगळी कधीच काढत नसत. "बियाण्याला ठेवायची, साहेब. आमच्या खाडीत नाय ठेवली. आता शोधा!"

तिसऱ्या भोकातल्या कांड्यांची पेटी आली ती भुसभुशीत, तांबड्या दगडाची. मी तुकडे जुळवायला बसलो. एका कांडीचे तुकडे तोंडाला तोंड लागतात. हे लागेनात. आमच्या आधीच्या रस्त्याच्या कामावरच्या जुन्या पेटीतले होते ते.

"चाचा, हे काय?"

"गप्प राहा, साहेब."

"माझी सही आहे त्यावर."

"सही राहील हो. टोक नाय राहणार." त्यांनी माझं मनगट धरलं. साठीचा माणूस माझ्यापुढे वाकला. "पाया पडतो तुमच्या. एकदाच."

आमच्या घरात माझ्याआधी सगळे अंगठेच. ती सही मी कमावली होती. मी ऐकलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला अभिमान वाटला.

भोक पुन्हा पाडलं. दगड काळा-हिरवा, लोखंडासारखा. रिपोर्टात दगडाच्या ताकदीला रकाना होता, आडोशाला नव्हता. पेटी कुणी बदलली, हे मॅनेजरला सांगावं लागलं नाही. तो एवढंच म्हणाला, "खलास. व्हिसा कॅन्सल करो इसका."

निघताना चाचा म्हणाले, "रिपोर्ट बरोबर लिहिलात. शिकलेली माणसं तुम्ही." टोमणा होता का, तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

हिवाळ्यात टोक फोडलं. पुढच्या जूनमध्ये लाटा सरळ आत आल्या. मी गेलो तेव्हा चार बोटी रस्त्याकडेला आडव्या पडल्या होत्या. म्हातारा कोळी आपल्या बोटीतून पाणी उपसत होता.

"वो रत्नागिरीवाला किधर?" त्यानं विचारलं.

"छुट्टी पे गया."

"कब आयेगा?"

"इन्शाल्ला, जल्दी," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि तळाला भोक पडलेल्या बोटीतून पुन्हा पाणी उपसायला लागला.